पाडलेल्या मोहल्ल्याची माती

पुरातत्त्व हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर मोहेंजोदडो उभे राहते, दायमाबादचा ब्राँझचा रथ आठवतो, फार तर तेर आणि इनामगाव. शाळेच्या पुस्तकातही उत्खनन सुरुवातीच्या एक-दोन धड्यांत येते आणि राजे-बादशहांचा काळ सुरू झाला की मागे पडते. त्यामुळे जमिनीखालचा इतिहास म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचा इतिहास, अशी समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. ज्या वस्तीत राहिलेली माणसे अजून हयात आहेत, ज्या गल्लीत खेळलेली मुले आज आजोबा-नाना झाली आहेत, त्या वस्तीचेही उत्खनन होऊ शकते हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. माणसे बोलायला शिल्लक असताना मातीला काय विचारायचे?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या एका उद्ध्वस्त वस्तीने दिले आहे. तिचे नाव डिस्ट्रिक्ट सिक्स. या वस्तीत मुसलमानांची संख्या मोठी होती; तिच्या आसपास आपल्या कोकणातून गेलेली माणसेही राहत होती. पण केवळ एवढ्यासाठी तिची हकीकत सांगण्याचे कारण नाही. आपले दुःख आठवताना आपल्या आधी त्याच जागी दुसऱ्या कोणाचे दुःख घडून गेले होते का, हा अवघड प्रश्न त्या मातीने तिथल्या लोकांना विचारला. तो आपल्यालाही विचारण्यासारखा आहे.

वस्ती कशी उभी राहिली

केपटाऊन हे डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये वसवलेले ठाणे. कंपनीने तेथे गुलाम आणले ते इंडोनेशियाच्या बेटांवरून, मादागास्करवरून, पूर्व आफ्रिकेतून आणि आपल्या हिंदुस्थानातूनही. बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून पकडून वा विकत घेऊन नेलेल्या माणसांची नावे केपच्या दप्तरांत सापडतात. ब्रिटिश अमलात १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली ती १८३८ पर्यंत चालू राहिली. त्यानंतर मोकळ्या झालेल्या माणसांना डोक्यावर छप्पर हवे होते. शहराच्या पूर्वेला, टेबल माउंटनच्या उतारावर, स्वस्त भाड्याची घरे उभी राहू लागली. १८६७ मध्ये नगरपालिकेने शहराचे विभाग पाडले, तेव्हा या भागाला सहावा क्रमांक मिळाला. डिस्ट्रिक्ट सिक्स हे नाव म्हणजे असा कारकुनी क्रमांक होता.

लोकांचे नाव वेगळे होते. ते या भागाला 'कनालाडॉर्प' म्हणत. 'डॉर्प' म्हणजे गाव. 'कनाला' हा केपच्या मुसलमानांच्या बोलीतला शब्द. तो मलायी भाषेतील 'अल्लाहसाठी' या अर्थाच्या शब्दांवरून आला असे सांगतात. कोणाला काही विनंती करायची तर 'कनाला' म्हणायचे. शेजाऱ्यांनी मजुरी न घेता एकमेकांचे घर बांधून द्यायचे, त्यालाही 'कनाला' काम म्हणत. आपल्याकडे शेतीत इर्जिक असते तसेच हे. नावाची दुसरी व्युत्पत्ती कालव्यावरून देतात. ती खरी असली तरी लोकांनी जपली ती पहिलीच.

या वस्तीत गुलामांचे वंशज होते, काळे आफ्रिकी मजूर होते, पूर्व युरोपातून आलेले यहुदी होते, सेंट हेलेना बेटावरचे लोक होते, गरीब गोरे होते आणि हिंदी दुकानदार होते. मुसलमानांत शिंपी, गवंडी, मासेवाले, गाडीवाले असे कष्टकरी जास्त. हॅनोव्हर स्ट्रीट हा मुख्य बाजाररस्ता. स्टार, अ‍ॅव्हेलॉन, ब्रिटिश अशी सिनेमागृहे. मशिदी, चर्च आणि शाळा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर.

येथूनच डॉ. अब्दुल्ला अब्दुरहमान यांचे नेतृत्व उभे राहिले. गुलामांचा हा नातू १८९३ मध्ये ग्लासगोला डॉक्टर झाला आणि १९०४ मध्ये केपटाऊनच्या नगरपालिकेत निवडून आला. मधला थोडा काळ सोडता १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नगरसेवक होते. १९१२ मध्ये या वस्तीत ट्रॅफल्गार हायस्कूल सुरू झाले आणि १९१३ मध्ये रहमानिया इन्स्टिट्यूट. दोन्हींमागे त्यांचे प्रयत्न होते. मदरशात दीनी तालीम आणि शाळेत आधुनिक शिक्षण हे एकाच छपराखाली आणता येईल का, हा वाद तेव्हा केपमध्येही होता. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीला तो अजिबात परका वाटत नाही. अब्दुरहमान यांची कन्या सिसी गूल हीसुद्धा पुढे १९३८ मध्ये याच भागातून नगरपालिकेवर निवडून गेली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोऱ्या राज्यकर्त्यांनी जी आफ्रिकान्स भाषा आपली म्हणून मिरवली, तिचे काही अगदी जुने लेखन केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत केलेले आहे. उस्मानी सुलतानाने पाठवलेले आलिम अबू बक्र एफेंदी यांचा 'बयानुद्दीन' हा ग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला, तो याच भाषेत आणि याच लिपीत. मदरशातली मुले आपला सबक अशाच वह्यांत उतरवून घेत. म्हणजे सरकारी दप्तराबाहेर या लोकांचे स्वतःचे दप्तर होते. ते वाचायला सरकारला येत नव्हते.

कोकणातली माणसे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-रायगड पट्ट्यातून कोकणी मुसलमान केपटाऊनला जाऊ लागले. मोर्ब्यासारख्या गावांचे दक्षिण आफ्रिकेशी नाते आजही लोकांच्या तोंडी आहे. हे लोक करारबद्ध मजूर म्हणून गेले नव्हते. आपल्या खर्चाने जहाजाचे तिकीट काढून गेले. कोणी दुकान टाकले, कोणी भाजी-फळे विकली, कोणी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली. बायका-मुले गावी आणि पुरुष परदेशी, असे अनेक घरांत वर्षानुवर्षे चालले. १९०६ च्या केपच्या कायद्यानंतर तर गावी जाऊन परत यायचे असले तरी फोटो लावलेला मुदतीचा परवाना घ्यावा लागे. मुदत चुकली की परतीचा दरवाजा बंद. भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री यांनी केपटाऊनमधल्या कोकणी बोलीचा अभ्यास केला आहे. समुद्रापलीकडे चार पिढ्या गेल्या तरी काही घरांत ही बोली टिकून राहिली.

बुलडोझर

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वंशभेदाला राज्याचे धोरण म्हणून रूप मिळाले. १९५० च्या ग्रुप एरियाज अ‍ॅक्टने शहराचा प्रत्येक भाग कोणत्या तरी एका वंशाच्या नावावर करायचे ठरवले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स 'गोऱ्यांचा विभाग' म्हणून जाहीर झाले. सरकारने कारणे दिली ती अशी: ही झोपडपट्टी आहे, येथे गुन्हेगारी, जुगार आणि दारू आहे, वेगवेगळ्या वंशांचे लोक एकत्र राहिले की भांडणे होतात. वस्ती दाटीची आणि पडझड झालेली होती हे खोटे नव्हते. पण घरमालकांनी आणि नगरपालिकेने वर्षानुवर्षे दुरुस्ती केली नाही, म्हणून ती तशी झाली होती. आधी दुर्लक्ष करायचे, मग त्या दुर्लक्षाच्या परिणामाला झोपडपट्टी म्हणायचे आणि शेवटी झोपडपट्टी म्हणून पाडायचे, हा क्रम जगात अनेक शहरांनी पाहिला आहे. जमीन शहराच्या मध्याजवळ, बंदराच्या वर आणि डोंगराच्या पायथ्याशी होती, हे कारण सरकारी कागदात नव्हते.

१९६८ पासून पाडकाम सुरू झाले आणि १९८२ पर्यंत वस्ती संपली. साठ हजारांहून अधिक माणसे वंशानुसार वेगळी काढून केप फ्लॅट्सच्या वाळूच्या माळावर, दूरच्या वसाहतींत नेऊन टाकली गेली. एका वसाहतीचे नाव हॅनोव्हर पार्क ठेवले. हॅनोव्हर स्ट्रीट गेला, नाव मात्र माळावर पोहोचले. १९७० मध्ये सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्सचे नाव बदलून झोनब्लूम केले. जुने नाव अधिकृतपणे परत यायला २०१९ उजाडले.

प्रार्थनास्थळे तेवढी उभी राहिली. मशीद एकदा वक्फ झाली की ती विकता येत नाही वा हलवता येत नाही, अशी भूमिका केपच्या उलेमांनी घेतली. म्यूर स्ट्रीटची झीनतुल इस्लाम मशीद आणि अ‍ॅस्पेलिंग स्ट्रीटची अल-अझर मशीद जागच्या जागी राहिल्या. भोवती एकही घर नसलेल्या मशिदीत जुम्याला दूरवरून बसने माणसे येत. अजान होत होती आणि मोहल्ला नव्हता.

सरकारला तिथे गोऱ्यांचे उपनगर वसवायचे होते. ते नीटसे जमले नाही. एका भागावर तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली, नवे रस्ते आखले गेले, काही सरकारी घरे झाली. पण मोठा भूभाग गवत आणि राडारोडा घेऊन तसाच पडून राहिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे नव्या इमारती बांधण्याचा बेत पुढे आला, तेव्हा 'हँड्स ऑफ डिस्ट्रिक्ट सिक्स' ही चळवळ उभी राहिली. या रिकाम्या जागेला हात लावू नका, असे ती बजावत होती.

हॉर्स्टली स्ट्रीट

जमीन मोकळी राहिली म्हणूनच पुढे तिचे उत्खनन होऊ शकले. १९९० च्या दशकात केपटाऊन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी, त्यांत मार्टिन हॉल आणि अँटोनिया मालन ही नावे महत्त्वाची, या वस्तीच्या मातीकडे लक्ष वळवले. त्यांनी निवडलेल्या जागांपैकी एक होती हॉर्स्टली स्ट्रीट. राजवाडा नाही, किल्ला नाही, भाड्याच्या घरांची एक साधी चढाची गल्ली. गवत आणि विटांचा चुरा बाजूला केल्यावर दगडी फरसबंदीचा रस्ता, कडेचे दगड आणि घरांचे पाये उघडे पडले.

अशा उत्खननात सोन्याची नाणी मिळत नाहीत. मिळतात ते फुटक्या कपबशांचे तुकडे, बाटल्यांच्या काचा, बटणे, जेवणातून उरलेली हाडे. पण जाणकार माणूस त्यातून घर वाचतो. पायावरून खोल्या किती आणि केवढ्या होत्या हे कळते. एका घराचे दोन किंवा तीन बिऱ्हाडांत कसे तुकडे झाले, तेही भिंतींच्या खुणांवरून समजते. बशीच्या मागच्या कारखान्याच्या शिक्क्यावरून काळ ठरवता येतो. सर्वांत वरचा थर असतो तो पाडकामाचा: विटा, गिलावा, काच, खिळे. बुलडोझरसुद्धा आपली नोंद मातीत ठेवून जातो.

मातीच्या जोडीला कागद घ्यावा लागतो. खरेदीखते, नगरपालिकेच्या घरपट्टीच्या वह्या, जुने नकाशे, फोटो. आणि कागदाच्या जोडीला माणसांच्या आठवणी. विद्यापीठाच्या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पाने जुन्या रहिवाशांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्याच होत्या. शामिल जेप्पी आणि क्रेन सूडियन यांनी संपादित केलेला डिस्ट्रिक्ट सिक्सच्या लढ्यावरचा ग्रंथ १९९० मध्ये निघाला होता. माती, कागद आणि आठवण ही तीन साधने एकमेकांसमोर ठेवल्यावर काय दिसले, हे महत्त्वाचे आहे.

आधीची हकालपट्टी

अँटोनिया मालन आणि इतिहासकार एलिझाबेथ व्हॅन हेनिंगेन यांनी हॉर्स्टली स्ट्रीटचा १८६५ ते १९८२ असा संपूर्ण इतिहास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा, की या गल्लीतून माणसे एकदा नव्हे, दोनदा हाकलली गेली.

पहिली वेळ १९०१ ची. बोअर युद्ध चालू होते. ब्रिटिश फौजेच्या घोड्यांसाठी जहाजांतून चारा येत होता, आणि त्यासोबत उंदीर व गाठीचा प्लेग केपटाऊनच्या बंदरात उतरला. बंदरातल्या काळ्या मजुरांत रोगी आढळले. लगेच काळी माणसे म्हणजेच रोग, असे समीकरण मांडले गेले. सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली सहा-सात हजार आफ्रिकी माणसांना शहरातून उचलून ऊटफ्लुख्त येथील छावणीत नेले. तीच पुढची एनडाबेनी वसाहत. हॉर्स्टली स्ट्रीटच्या खोल्यांतही असे मजूर राहत होते. ते गेले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या खोल्यांत नवी बिऱ्हाडे आली. १९६६ नंतर ज्यांना घर सोडावे लागले, ती याच नंतरच्या बिऱ्हाडांची मुले आणि नातवंडे.

येथे मुंबईशी थेट संबंध येतो. या साथीत केपटाऊनच्या सरकारने सल्लागार म्हणून बोलावलेले प्रा. सिम्प्सन हे पूर्वी कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते. मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या पहिल्या योजनेसाठी निवडला गेला तो नागपाडा. हवा आणि उजेड आणण्यासाठी गल्ल्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. रोगाचा उपाय म्हणून वस्ती पाडायची, हा विचार साम्राज्यात एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवास करत होता. केपटाऊनमध्ये त्यात वंशभेद मिसळला, आणि १९५० च्या कायद्याची तालीम १९०१ मध्येच होऊन गेली.

१९६६ नंतर हाकललेल्या लोकांच्या आठवणींत डिस्ट्रिक्ट सिक्स म्हणजे मिळून-मिसळून राहणाऱ्यांचा मोहल्ला होता. ईदला शेजारच्या ख्रिस्ती घरी ताट जाई, नाताळला तिकडून येई, अशा गोष्टी ते डोळ्यांत पाणी आणून सांगत. त्या खऱ्या आहेत. परंतु त्या मेळात काळे आफ्रिकी शेजारी इतके थोडे का होते, हा प्रश्न आठवणीने विचारला नव्हता. पासष्ट वर्षांपूर्वी त्यांना काढून टाकले होते, म्हणून ते थोडे होते. ज्यांनी पाहिले ते मरून गेले होते. ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते ठाऊक नव्हते. गल्लीच्या इतिहासात खोलवर उतरल्यावर ते पुन्हा समोर आले. माणसे हयात असताना मातीला काय विचारायचे, या सुरुवातीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. माणूस स्वतःवर गुदरलेले सांगतो. आपण येण्यापूर्वी त्याच उंबऱ्यावरून कोणाला उठवले होते, ते सांगायला माती आणि कागद लागतात.

याने जुन्या रहिवाशांचे दुःख कमी होत नाही. उलट त्यांचा दावा अधिक भक्कम होतो. एका अन्यायाची साखळी पूर्ण दिसली की तो अपघात नव्हता, पद्धत होती, हे सिद्ध होते.

संग्रहालय आणि मालकीचा प्रश्न

१० डिसेंबर १९९४ रोजी बाइटेनकांट स्ट्रीटवरील जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम सुरू झाले. पाडकामावर देखरेख करणाऱ्या एका गोऱ्या कर्मचाऱ्याने रस्त्यांच्या पाट्या फेकून न देता घरी जपून ठेवल्या होत्या. त्या पंचाहत्तर पाट्या टांगल्या गेल्या. जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा अंथरला. येणारा जुना रहिवासी त्या नकाशावर गुडघे टेकून आपल्या घराच्या जागी नाव लिहितो. कापडाच्या पट्ट्यावर लोक आपल्या ओळी लिहितात आणि नंतर त्यावर भरतकाम होते. १९६६ मध्ये कारकुनांनी ज्या नकाशावरून वस्ती पुसली, तसाच नकाशा लोकांनी स्वतः भरून काढला.

उत्खनन आणि लोक यांचे नाते नेहमीच इतके सरळ नसते. २००३ मध्ये याच शहरात प्रेस्टविच स्ट्रीटवर एका बांधकामाच्या पायात हजारो सांगाडे सापडले. गुलाम आणि गोरगरिबांचे ते कब्रस्तान होते. पुरातत्त्वज्ञांनी सांगाडे काढून अभ्यास करावा, की जिथे आहेत तिथेच सन्मानाने राहू द्यावेत, यावर मोठा वाद झाला. मय्यत उकरणे हे आम्हाला मान्य नाही, असे अनेकांनी बजावले. तरीही सांगाडे काढले गेले. पुढे ते एका स्मारकात ठेवले. जमिनीखालच्या गोष्टींवर पहिला हक्क कोणाचा, संशोधकाचा की वारसांचा, हा प्रश्न तेथे शिल्लक राहिला.

घरांचा प्रश्न तर अजून पुरता सुटलेला नाही. १९९४ च्या कायद्याने हिरावलेल्या जमिनीवर दावा करण्याचा हक्क दिला. ११ फेब्रुवारी २००४ रोजी, त्या घोषणेला बरोबर अडतीस वर्षे झाली त्या दिवशी, नेल्सन मंडेला यांनी ऐंशी ओलांडलेल्या दोन वृद्धांच्या हातात नव्या घरांच्या किल्ल्या दिल्या. एक मुसलमान, एक आफ्रिकी. त्यानंतरची गती इतकी मंद राहिली की दावेदारांना न्यायालयात जावे लागले आणि २०१८-१९ मध्ये न्यायालयाने सरकारला आराखडा मांडायला लावला. तोपर्यंत जेमतेम १३९ घरे बांधून झाली होती. वाट पाहता पाहता अनेक दावेदार अल्लाहला प्यारे झाले.

आपल्यासाठी

डिस्ट्रिक्ट सिक्सची तुलना आपल्या कोणत्याही वस्तीशी सरसकट करणे बरोबर होणार नाही. भेंडी बाजारात २००९ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टने हाती घेतलेला पुनर्विकास हा रहिवाशांना त्याच जागी घर देण्याच्या वचनावर उभा आहे. तेथे वंशाचा कायदा नाही. पण इमारत पाडली की गल्ली जाते, हे दोन्हीकडे सारखेच. कोणत्या नुक्कडवर पानाची गादी होती, कोणत्या माळ्यावर किताबत करणारे कातिब बसत, कोणत्या खोलीत गावाहून आलेल्या चाकरमान्यांचा कूड होता, हे सर्व दोन पिढ्यांत पुसले जाते. मुंबईतच असे होते असे नाही. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, मिरज, जिथे जिथे रस्तारुंदी झाली तिथे हेच झाले.

उत्खनन करणे आपल्या हातात नाही. नोंद ठेवणे आहे. आठवी-नववीच्या मुलांना आपल्या गल्लीचा नकाशा काढायला सांगा. प्रत्येक दारापुढे आज कोण राहते आणि त्याआधी कोण राहत होते, हे घरातल्या बुजुर्गांना विचारून लिहायला सांगा. जुनी भाडेपावती, शिधापत्रिका, दुकानाची पाटी, मशिदीच्या चंद्याची वही, नानीच्या पेटीतला परवाना यांचे फोटो काढून ठेवा. कोकणातल्या ज्या घरांत केपटाऊनची पत्रे आणि फोटो पडून आहेत, त्यांनी ती वाळवीच्या स्वाधीन करू नयेत.

आणि नकाशा भरताना एक रकाना आणखी ठेवावा: आपण येथे येण्यापूर्वी येथे कोण होते आणि ते का गेले? या रकान्यात काही वेळा आपल्याला न आवडणारे उत्तर येईल. तरी तो रिकामा सोडू नये. हॉर्स्टली स्ट्रीटच्या उघड्या पडलेल्या फरशीवर दोन वेळा विस्थापित झालेल्यांची पावले आहेत. पहिल्यांची आठवण ठेवली म्हणून दुसऱ्यांची जागा कमी झाली नाही.